संगणकांचें जाळें आणि संयमाचा धडा

पुण्यास बसलेल्या आजीला न्यूयॉर्कमधील नातवाचें तोंड हातांतल्या कांचेवर दिसतें, त्याचें हसणें ऐकूं येतें, आणि "जेवलास का रे?" या प्रश्नाचें उत्तर तिला तत्काळ मिळतें. घरांत आतां कोणालाहि या गोष्टीचें नवल वाटत नाहीं. नळाला पाणी यावें तसें तें हसणें येतें. पण नळामागें जलाशय असतो, जलवाहिन्या असतात आणि पाण्याच्या वांटपाचे नियम असतात. तसेंच या हसण्यामागेंहि एक अफाट जाळें आहे, आणि त्या जाळ्याला नियम आहेत. ते नियम समजावून देणारा एक विषय संगणकशास्त्राच्या व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस बहुधा पदवीच्या तिसऱ्या वर्षीं शिकविला जातो. 'संगणकजाल' हें त्याचें नांव. ज्यांच्या घरांतील मुलगा वा मुलगी हा विषय शिकत असेल, त्यांना टेबलावर पडलेला जाडजूड ग्रंथ व आकड्यांनीं भरलेल्या वह्या परिचयाच्या असतील. त्या वह्यांत काय आहे, आणि तें शिकल्यानें मनुष्याला कोणती दृष्टि येते, हें पाहण्याजोगें आहे.

वर्गांत पहिल्या दिवशीं येणारा विद्यार्थी तारा, यंत्रें आणि मिणमिणणारे हिरवे दिवे यांची माहिती मिळेल अशा अपेक्षेनें येतो. ती माहिती पुढें मिळतेच. परंतु त्याच्यापुढें प्रथम जो प्रश्न ठेवला जातो तो निराळाच असतो. रस्ता एक आणि प्रवासी अनेक, तर त्या रस्त्याची वांटणी कशी करावी? जुन्या टेलिफोनची रीति अशी होती, कीं दोन माणसांचें बोलणें सुरू झालें म्हणजे त्यांच्यामधला मार्ग शेवटपर्यंत त्या दोघांच्या मालकीचा. दोघेहि गप्प बसले तरी मार्ग अडलेलाच. माणसांच्या संभाषणाला हें परवडतें. संगणकांचें बोलणें मात्र डोंगरांतल्या ओढ्यासारखें असतें. क्षणभर पूर, आणि मग बराच वेळ कोरडें पात्र. त्यांच्यासाठीं सबंध मार्ग राखून ठेवणें म्हणजे एका पाहुण्याकरितां धर्मशाळेच्या सर्व खोल्या अडवून ठेवण्यासारखें आहे.

१९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पॉल बॅरन आणि इंग्लंडांत डोनल्ड डेव्हिस या दोघांनीं, एकमेकांच्या कार्याची माहिती नसतांना, यावर एकच तोड काढली. संदेशाचे लहान लहान तुकडे करावे, प्रत्येकावर पत्ता व क्रमांक घालावा, आणि ज्या वेळीं जी वाट मोकळी असेल त्या वाटेनें तो जाऊं द्यावा. डेव्हिस यांनीं अशा तुकड्याला 'पॅकेट' हें नांव दिलें व तेंच रूढ झालें. एखादा मोठा ग्रंथ बांधणीपूर्वीं फर्म्याफर्म्यानें टपालांत टाकावा, कांहीं फर्मे एका गाडीनें तर कांहीं दुसरीनें जावेत, आणि मुक्कामावरील बांधणाऱ्यानें पृष्ठांक पाहून ते पुन्हां जुळवावे, तसा हा प्रकार आहे. फर्मे मागेंपुढें आले तरी बिघडत नाहीं. पृष्ठांक शाबूत असले म्हणजे ग्रंथ पुरा होतो.

या कल्पनेची पहिली मोठी परीक्षा, अमेरिकन सरकारच्या संरक्षण खात्यानें पैसा पुरविलेल्या 'आर्पानेट' या जाळ्यावर झाली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे 'लॉगिन' हा इंग्रजी शब्द एकेक अक्षर करून पाठविण्यांत येत होता. 'एल' पोंचलें, 'ओ' पोंचलें, आणि पलीकडचें यंत्र बंद पडलें. पुढें दुरुस्ती होऊन काम पुरें झालें, व त्या वर्षाच्या अखेरीस या जाळ्यांत चार ठाणीं झालीं. विद्यार्थ्याला ही हकीकत सांगतात ती केवळ गंमत म्हणून नव्हे. जाळें केव्हां तरी बिघडणारच असें धरून चालावें, आणि बिघाड पोटांत घालूनहि काम तडीस जाईल अशी योजना करावी, हा या शास्त्राचा पहिला पाठ तींत आहे.

त्यानंतर गणित येतें. पॅकेटाचा वेळ चार ठिकाणीं खर्च होतो. वाटेवरील यंत्राला पत्ता वाचून दिशा ठरवावी लागते. पुढें गर्दी असेल तर पॅकेटाला रांगेंत उभें राहावें लागतें. मग त्याचा एकेक बिट तारेवर चढवावा लागतो. आणि शेवटीं तो बिट अंतर कापतो. १,५०० बाइटांचें, म्हणजे १२,००० बिटांचें पॅकेट, सेकंदास एक कोटी बिट वाहणाऱ्या तारेवर चढण्यास सेकंदाच्या हजाराव्या भागाहून किंचित् अधिक वेळ लागतो. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून न्यूयॉर्क जवळांत जवळच्या मार्गानेंहि सुमारें साडेबारा हजार किलोमीटर. तेव्हां कांचेच्या तंतूनें जावयाचें तर नुसत्या जाण्यालाच सेकंदाचा सोळावा हिस्सा पाहिजे, आणि परतण्याला तितकाच. पैसा कितीहि ओतला तरी हा वेळ त्याहून कमी होत नाहीं, कारण तो सृष्टीचा नियम आहे. उलट, रांगेंतला वेळ हा रस्ता वापरणारांच्या वर्तणुकीवर अवलंबून असतो. अटळ विलंब कोणता आणि टाळतां येण्याजोगा कोणता, हा विवेक विद्यार्थ्याला येथें प्रथम होतो.

विषयाचा कणा म्हणजे 'थर' ही कल्पना. पत्र लिहिणाराला मजकुराची चिंता. लखोटा पेटींत पडला कीं त्याचें काम संपलें. टपालकचेरी लखोटा फोडीत नाहीं, फक्त पत्ता पाहते. थैल्या वाहणाऱ्या आगगाडीच्या ड्रायव्हरला त्या थैल्यांत लग्नपत्रिका आहेत कीं कोर्टाचीं समन्सें आहेत, याच्याशीं कर्तव्य नसतें. जो तो आपल्या खालच्याकडून सेवा घेतो व वरच्याला सेवा देतो. संगणकजालांतहि असेच पांच थर शिकवितात. सर्वांत वर माणसाच्या उपयोगाचा थर. त्याखालीं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहतुकीची जबाबदारी घेणारा. त्याखालीं पत्ता व मार्ग पाहणारा. त्याखालीं शेजारच्या दोन यंत्रांमधील दुवा सांभाळणारा. आणि तळाशीं प्रत्यक्ष तार, तंतु वा रेडिओलहरी. अँड्र्यू टॅनेनबॉम यांचा १९८१ सालीं प्रथम निघालेला प्रसिद्ध पाठ्यग्रंथ तळापासून वर चढतो. त्यानंतर सुमारें वीस वर्षांनीं आलेला जेम्स कुरोस व कीथ रॉस यांचा ग्रंथ वरून खालीं उतरतो. जिना एकच आहे. या थरांमुळेंच तांब्याची तार जाऊन कांचेचा तंतु आला, तरी पत्रें वाचण्याची रीति कोणाला नव्यानें शिकावी लागली नाहीं.

यांपैकीं तळाच्या थराशीं मुंबईची ओळख फार जुनी आहे. १८७० सालीं 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजानें मुंबईहून एडनकडे समुद्राच्या तळाशीं तार टाकली, आणि त्याच वर्षीं समुद्रमार्गें इंग्लंडशीं तारायंत्राचें दळणवळण सुरू झालें. आज मुंबईच्याच किनाऱ्यावर कांचेच्या तंतूंचे दोर येऊन लागतात. ३० जानेवारी २००८ रोजीं इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदराजवळ असे दोन दोर निकामी झाले, आणि हजारों किलोमीटर दूर असलेल्या भारतांतल्या कचेऱ्यांतील कामें खोळंबलीं. ज्या जाळ्याला लोक हल्लीं मेघाची उपमा देतात, तें बव्हंशीं समुद्राच्या तळाशीं पडलेलें आहे.

पत्त्यांचें प्रकरण थोडक्यांत सांगतां येईल. १९७४ सालीं व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनीं निरनिराळीं जाळीं एकमेकांस जोडण्याची योजना मांडली. तिच्यांतून जे संकेत निघाले ते १ जानेवारी १९८३ रोजीं आर्पानेटनें स्वीकारले. त्यांत पत्त्यासाठीं ३२ बिट राखले होते. म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. त्या वेळच्या चिमुकल्या जाळ्याला ते उदंड होते. परंतु ३ फेब्रुवारी २०११ रोजीं मध्यवर्ती सांठा संपला. नव्या पद्धतींत १२८ बिट आहेत. माणसाला आंकडे लक्षांत राहत नाहींत, म्हणून यंत्रांना नांवें दिलीं जातात. एके काळीं त्या सर्व नांवांची एकच यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत असे व जो तो तिची नक्कल घेई. १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं हें काम शाखाशाखांत वांटून देणारी पद्धति आंखली. गांवच्या नोंदी गांवांत, तालुक्याच्या तालुक्यांत, असा तो कारभार आहे.

यापुढें या विषयाला जो रंग चढतो, तो यंत्रशास्त्रापेक्षां नीतिशास्त्राच्या अधिक जवळचा आहे. १९७१ सालीं हवाई बेटांवरील विद्यापीठांत नॉर्मन एब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनीं बेटाबेटांवरील यंत्रें एकाच रेडिओमार्गावर बोलतील अशी व्यवस्था केली. ज्याला बोलावयाचें त्यानें बोलावें. दोघे एकदम बोलले तर दोघांचेंहि बोलणें फुकट. मग प्रत्येकानें मनास येईल तितका वेळ थांबून पुन्हां बोलावें. विद्यार्थी हिशेब करतो, आणि त्याला आढळतें कीं या स्वैर पद्धतींत मार्गाचा फार तर १८ टक्के उपयोग होतो. ठराविक ठोक्यालाच बोलण्यास आरंभ करावयाचा, एवढा एकच नियम घातला तर तो ३७ टक्क्यांवर जातो. १९७३ सालीं रॉबर्ट मेटकाफ यांच्या कल्पनेंतून 'ईथरनेट' निघालें, त्यांत आणखी शिष्टाचार आला. आधीं ऐकावें, कोणी बोलत नसेल तरच बोलावें, टक्कर झाल्यास तत्काळ गप्प व्हावें, आणि टक्कर वारंवार होऊं लागली तर थांबण्याच्या मुदतीचा पल्ला दर वेळीं दुप्पट करावा. चांगल्या सभेचे नियम याहून फार निराळे नसतात.

परंतु खरी कसोटी वाहतुकीच्या थरांत लागते. वाटेवरचीं यंत्रें, ज्यांना 'राउटर' म्हणतात, तीं पॅकेट पोंचविण्याची हमी देत नाहींत. रांगेंत जागा उरली नाहीं तर तीं पॅकेट निमूटपणें टाकून देतात. सर्व जबाबदारी दोन टोकांवर येते. यासाठीं 'टी-सी-पी' या संकेतांत पोंच देण्याची पद्धति आहे. माल मिळाला कीं घेणारा पोंच पाठवितो. ठराविक मुदतींत पोंच आली नाहीं, तर पाठविणारा तोच मजकूर पुन्हां धाडतो. व्यापारी पेढीवर वाढलेल्या मुलाला हें समजण्यास क्षणहि लागत नाहीं. प्रश्न एवढाच, कीं पोंचेची वाट किती वेळ पाहावी आणि पोंच येण्यापूर्वीं किती माल पुढें लोटावा? या साध्या प्रश्नांत एक अनर्थ दडलेला होता. जॉन नेगल यांनीं १९८४ सालींच त्याचा इशारा दिला होता.

ऑक्टोबर १९८६ मध्यें तो अनर्थ कॅलिफोर्नियांत प्रत्यक्ष घडला. बर्कली येथील विद्यापीठ आणि टेकडीवरील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यांतील अंतर अवघें ४०० यार्ड. त्यांना जोडणारा मार्ग सेकंदास ३२,००० बिट वाहून नेई. एकाएकीं तो वेग सेकंदास ४० बिटांवर आला. म्हणजे आठशेंपट कमी झाला. सेकंदाला जेमतेम पांच अक्षरें! दोन हजार अक्षरांचें पत्र पोंचावयास ४०० सेकंद पाहिजेत. तें शिपायाच्या हातीं दिलें असतें तर तो बहुधा आधीं पोंचला असता. आणि विशेष हें, कीं एकहि तार तुटली नव्हती. सर्व यंत्रें अहोरात्र राबत होतीं. तीं फुकट राबत होतीं. रांग वाढली म्हणून पोंच उशिरां येऊं लागली. पोंच आली नाहीं म्हणून पाठविणारांनीं तोच मजकूर पुन्हां धाडला. त्यामुळें रांग आणखी वाढली, मागचीं पॅकेटें टाकलीं जाऊं लागलीं, आणि तींहि पुन्हां धाडावीं लागलीं. अखेर मार्गावर नवा मजकूर जवळजवळ उरलाच नाहीं. त्याच त्या मजकुराच्या प्रतींनीं तो भरून गेला. प्रत्येक यंत्र नियमाप्रमाणेंच वागत होतें. प्रत्येकाच्या उतावळेपणाची बेरीज सर्वांच्या नाशाइतकी झाली.

यावरील उपाय व्हॅन जेकबसन यांनीं मायकेल कॅरल्स यांच्या साह्यानें शोधला, आणि १९८८ सालीं एका निबंधांत मांडला. त्या उपायाचा गाभा घरांतल्या वडील माणसालाहि पटेल असा आहे. परक्या रस्त्यावर प्रथम एकच पॅकेट पाठवावें. त्याची पोंच आली तर दोन, मग चार, मग आठ, अशी रस्त्याची ताकद अजमावावी. ताकदीचा अंदाज आला कीं दुपटीचा हव्यास सोडून दर फेरीस एकाचीच वाढ करावी. आणि पॅकेट हरवलें असें दिसतांच तो रस्त्यावरील गर्दीचा निरोप समजून आपला वेग एकदम निम्मा करावा, किंवा अगदीं आरंभापासून पुन्हां सुरुवात करावी. वाढ थेंबाथेंबानें, माघार मात्र अर्ध्यानें. १९८९ सालीं दाह-मिंग चिऊ व राज जैन यांनीं गणितानें दाखवून दिलें, कीं एका रस्त्यावरील सर्वजण असे वागले तर ते आपोआप समान वांटणीकडे झुकत जातात. ज्याच्याकडे अधिक आहे त्याचें निम्मे करण्यांत अधिक जातें, आणि वाढ मात्र सर्वांची सारखी. वाटेंत न्यायाधीश नसतांना न्याय होतो, हें कागदावर रेषा काढून विद्यार्थ्याला प्रत्यक्ष पाहतां येतें.

येथें चाणाक्ष विद्यार्थी एक शंका काढतोच. हा वेग निम्मा करावा कोणी? राउटर तशी सक्ती करीत नाहीं. पाठविणाऱ्या यंत्रांतील आज्ञावली स्वतः होऊन माघार घेते. मग एखाद्यानें त्या आज्ञावलींत चार ओळी बदलून माघार घ्यावयाचीच नाहीं असें ठरविलें तर? उत्तर कटु आहे. बाकीचे सभ्यपणें मागें सरतील आणि तो पुढें घुसेल. कांहीं ठिकाणीं राउटरांत अशा आडदांडांना आवरण्याच्या युक्त्या बसविल्या आहेत, पण त्या सर्वत्र नाहींत. जाळें आजवर टिकलें आहे तें मुख्यतः ज्यांनीं ज्यांनीं अशा आज्ञावली लिहिल्या त्यांतील बहुसंख्यांनीं संकेत पाळला म्हणून. विश्वासाचा हाच धागा इतरत्रहि दिसतो. कोणत्या पत्त्याकडे कोणत्या वाटेनें जावें, हें मोठमोठीं जाळीं एकमेकांस सांगतात आणि बव्हंशीं ऐकणारा तें खरें मानतो. २४ फेब्रुवारी २००८ रोजीं पाकिस्तानांत 'यूट्यूब' बंद ठेवण्यासाठीं तेथील दूरसंचार कंपनीनें आपल्या देशापुरती म्हणून काढलेली चुकीची वाट सीमेबाहेर पसरली, आणि सुमारें दोन तास जगांतील पुष्कळ भागांची यूट्यूबकडील वाहतूक भलतीकडेच वळली. एका ठिकाणीं झालेली चूक दुसऱ्यांनीं तपासल्याशिवाय पुढें सांगितली, एवढेंच घडलें होतें. तेव्हांपासून वाटेच्या दाव्यांवर सही-शिक्का पाहण्याच्या पद्धती वाढत आहेत. पण ते काम अजून पुरें झालेलें नाहीं.

विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नीतीची परीक्षा प्रयोगशाळेंत होते. 'वायरशार्क' नांवाच्या साधनानें जाळ्यावरून जाणारीं पॅकेटें उघडून पाहतां येतात. थरांची जी चित्रें वहींत काढलीं, तींच पडद्यावर जिवंत दिसूं लागतात. पत्ता येथें, क्रमांक येथें, पोंच येथें. मग केव्हां तरी कोणाचा तरी गुप्त शब्द, कुलूप न लावतां पाठविलेला, उघड्या अक्षरांत समोर येतो. पोस्टकार्ड वाटेंत कोणीहि वाचूं शकतो, हें पाठ केलेलें वाक्य त्या क्षणीं अंगावर येतें. चांगला शिक्षक तेथें दोन गोष्टी सांगतो. एक अशी, कीं स्वतःची वा ज्याची परवानगी आहे त्याचीच वाहतूक पाहावी. पाहतां येतें म्हणून पाहण्याचा हक्क मिळत नाहीं. दुसरी अशी, कीं पुढें स्वतः आज्ञावली लिहावयाची वेळ येईल तेव्हां दुसऱ्याचें पत्र उघडें पाठवूं नये. त्यासाठीं मजकूर कुलुपबंद करण्याची विद्या याच अभ्यासक्रमाच्या शेवटीं शिकवितात.

ज्या १९८६ सालीं बर्कलीचा मार्ग तुंबला, त्याच सालीं भारतांत 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याची योजना सुरू झाली. मुंबईंतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविज्ञान केंद्र, बंगळूरची विज्ञानसंस्था आणि पवईसह पांच आय. आय. टी. तींत सहभागी होत्या. सामान्य गृहस्थाला महाजालाचें दार १५ ऑगस्ट १९९५ रोजीं उघडलें. तेव्हांपासून या विषयाचें शिक्षण घेणारे मराठी मुलगे व मुली जगभरच्या कारखान्यांतून व कचेऱ्यांतून या जाळ्यावर चालणाऱ्या आज्ञावली लिहीत आहेत. परीक्षेंत त्यांना सूत्रें विचारतात, थरांचीं नांवें विचारतात, आणि उदाहरणें सोडवावयास देतात. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु जो विद्यार्थी गुणांपुरतें शिकून बर्कलीची हकीकत विसरेल, त्याच्या हातून उद्यां एखादी उतावळी आज्ञावली लिहिली जाईल, आणि तिचा भार ज्यांनीं सोसला त्यांना तो कोणामुळें सोसावा लागला हें कधींच कळणार नाहीं.

पुण्याच्या आजीला कधीं कधीं नातवाचें तोंड अंधुक दिसूं लागतें. "नीट दिसत नाहींस रे," असें ती म्हणते, आणि घरांतला कोणी तरी यंत्राला दोष देतो. पुष्कळदां यंत्रानें कांहींच बिघडविलेलें नसतें. वाटेवर गर्दी झाली आहे हें ओळखून पलीकडच्या आज्ञावलीनें चित्राचा बारकावा कमी केलेला असतो, म्हणजे तितकी वाट दुसऱ्या कोणाच्या तरी निरोपाला मोकळी व्हावी. चित्र थोडें अंधुक होतें. बोलणें तुटत नाहीं. थोड्या वेळानें गर्दी ओसरते, वेग एकेक पाऊल वाढत जातो, आणि नातवाचें तोंड पुन्हां स्वच्छ दिसूं लागतें.